तांब्यांची दहा वर्षं

१९४१ साली चार महिन्यांच्या अंतरानं दोन कवी गेले. ७ ऑगस्टला कोलकात्यात रवींद्रनाथ ठाकूर आणि ७ डिसेंबरला भा. रा. तांबे. एकाला सारं जग ओळखत होतं. दुसरा ग्वाल्हेरचा राजकवी. जन्म मध्य भारतातल्या संस्थानी नोकऱ्यांत गेला आणि महाराष्ट्रापासून लांब राहून त्यानं अशी मराठी लिहिली, की ‘मधु मागशी माझ्या सख्या परी’ किंवा ‘नववधू प्रिया मी बावरते’ आजही लताबाईंच्या आवाजात आपल्या कानांत आहे.

तेव्हाच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहायचा. ही वर्षं मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे रवींद्रनाथ आणि तांबे दोघांच्याही कविता ३१ डिसेंबर १९९१ ची रात्र उलटली की सगळ्यांच्या होणार होत्या. कुणीही छापाव्यात, चाल लावावी, भाषांतर करावं.

रवींद्रनाथांच्या लेखनाचे हक्क त्यांनीच स्थापन केलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडे होते आणि ते सुटू नयेत म्हणून मुदतवाढीची मागणी झाली. एकट्या कवीसाठी कायदा बदलणं बरं दिसत नव्हतं, म्हणून सगळ्याच लेखकांची मुदत ५० वरून ६० वर नेली. वटहुकूम निघाला २८ डिसेंबर १९९१ ला, मुदत संपायला तीन दिवस उरले असताना. पुढे १९९२ साली संसदेनं दुरुस्ती मंजूर केली. सारी चर्चा रवींद्रनाथांची होती. पण दहा वर्षं तांब्यांनाही लागली आणि त्यांच्यानंतर गेलेल्या प्रत्येक मराठी लेखकाला लागली. कवी बी, न. चिं. केळकर, साने गुरुजी. २००१ साली विश्वभारतीनं पुन्हा मुदतवाढ मागितली, तेव्हा मात्र सरकारनं नकार दिला. १ जानेवारी २००२ ला दोघे कवी एकाच दिवशी मोकळे झाले.

‘जन पळभर म्हणतील हाय हाय, मी जाता राहील कार्य काय’ असं विचारणारा हा कवी. आपण गेल्यावर काय उरेल याचा इतका निर्मळ विचार मराठीत फार थोड्यांनी केला असेल. त्याच्या मागे जे उरलं, त्याच्यावर दहा वर्षांचं जास्तीचं कुलूप लागलं, आणि ते कुलूप त्याच्यासाठी कुणी मागितलंच नव्हतं.

मी मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयासाठी जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. पडद्यावर एका बाजूला स्कॅन केलेलं पान असतं, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचलेली अक्षरं. ‘ध’ आणि ‘घ’ची अदलाबदल, हरवलेले अनुस्वार, फुटलेली जोडाक्षरं हे सगळं एकेक करून नीट करायचं. हे काम मला मनापासून आवडतं. पण पुस्तक हाती घेण्याआधी एकच प्रश्न सोडवावा लागतो: लिहिणारी व्यक्ती कधी गेली? तांब्यांच्या बाबतीत तारीख पक्की आहे. तरीही अडचण आली आणि ती थेट त्या वटहुकमापाशी जाऊन पोचते.

विकिस्रोताचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, म्हणून तिथला कायदाही पाहावा लागतो. तिथला नियम असा, की जे परदेशी पुस्तक १ जानेवारी १९९६ ला आपल्या मायदेशात हक्काखाली होतं, त्याला अमेरिकेतही प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण. जुनी ५० वर्षांची मुदत कायम राहिली असती, तर तांबे १९९२ च्या पहिल्या दिवशीच मोकळे झाले असते आणि हा नियम त्यांना शिवलाही नसता. पण १९९६ साली ते भारतात त्या वाढीव दहा वर्षांत अडकलेले होते. माधव जूलियनांनी संपादित केलेली ‘तांबे यांची समग्र कविता’ १९३५ ची. त्यात ज्या कविता पहिल्यांदाच छापल्या गेल्या, त्या भारतात २००२ पासून सगळ्यांच्या आहेत आणि अमेरिकेत २०३० सालच्या अखेरपर्यंत बंद आहेत. खुद्द माधव जूलियन १९३९ साली गेले, म्हणून त्यांची कविता १९९० पासूनच मोकळी. ज्याच्या कविता त्यांनी इतक्या निगुतीनं एकत्र केल्या, त्याला मात्र बारा वर्षं जास्त थांबावं लागलं.

हक्क किती वर्षं असावा, हा वाद जुना आहे आणि त्यातलं सगळ्यात लखलखीत भाषण ज्यानं केलं, त्याचं नाव आपल्याकडे वेगळ्याच कारणानं घेतलं जातं. मेकॉले म्हटलं की आपल्याला १८३५ चं शिक्षणाचं टिपण आठवतं. भारतातून परतल्यावर, ५ फेब्रुवारी १८४१ ला, तो ब्रिटिश संसदेत उभा राहिला तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा हक्क मागणाऱ्या विधेयकाला विरोध करायला. हो, तेव्हाही आकडा साठच होता. त्याचं म्हणणं असं: लेखकाला पैसे मिळालेच पाहिजेत, नाहीतर तो श्रीमंतांच्या दारात उभा राहील. त्यासाठी मक्तेदारी द्यावी लागते. पण मक्तेदारी हे वाईटच असतं. चांगल्यासाठी ते सोसायचं, पण त्या चांगल्यासाठी लागतं त्याहून एक दिवसही जास्त सोसायचं नाही. इंग्रजी लेखक आणि कोशकार डॉ. जॉन्सनला गेल्याला तेव्हा ५६ वर्षं झाली होती. आपल्यामागे साठ वर्षं कुणा पुस्तकविक्याच्या हातात आपल्या पुस्तकांचा मक्ता राहील, या विचारानं जॉन्सनच्या हातून एक ओळ तरी जास्त लिहून झाली असती का, असं मेकॉलेनं विचारलं. आणि मग तो वारसांकडे वळला. रिचर्डसनच्या कादंबऱ्यांचे हक्क त्याच्या पाद्री नातवाकडे गेले असते, तर कादंबरी वाचणं पाप मानणाऱ्या त्या माणसानं त्या पुन्हा छापूच दिल्या नसत्या, हे उदाहरण त्यानं दिलं.

विधेयक पडलं. १८४२ च्या इंग्रजी कायद्यात प्रकाशनापासून ४२ वर्षं किंवा मृत्यूनंतर ७ वर्षं, यांतली जी मुदत लांब ती, असं ठरलं. कंपनी सरकारच्या १८४७ च्या कायद्यानं तेच मोजमाप इथे आणलं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, हरिभाऊ आपटे, केशवसुत हे सगळे त्या मुदतीत लिहीत होते. मराठी गद्याचा पाया घातला गेला तो या आखूड मुदतीच्या काळात, हे मला महत्त्वाचं वाटतं. मृत्यूनंतर ५० वर्षं हे माप आपल्याकडे १९१४ च्या कायद्यानं आलं आणि १९५७ च्या कायद्यानं ते कायम ठेवलं.

मृत्यूपासून मोजायचं म्हटलं की पुस्तकाचं नशीब लेखकाच्या आयुर्मानाला बांधलं जातं. विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ सालचं. या टोपणनावानं लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर दीर्घायुषी होत्या, २००१ साली गेल्या. म्हणजे ते पुस्तक २०६१ च्या अखेरपर्यंत हक्काखाली, छापल्यापासून १२८ वर्षं. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून ‘काही कविता’ १९४७ ची असूनही २०१७ पासून मोकळी आहे. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. गदिमांचे शब्द १ जानेवारी २०३८ ला सर्वांचे होतील आणि बाबूजींच्या चाली १ जानेवारी २०६३ ला. मधली पंचवीस वर्षं शब्द मोकळे आणि सूर बांधलेले.

ही सगळी मोठी नावं आहेत. त्यांना वारस आहेत, प्रकाशक आहेत, त्यांची पुस्तकं दुकानात मिळतात. माझा जीव अडकतो तो बाकीच्यांत. शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. १८०० पासून १९५० पर्यंत छापलेली हजारो पुस्तकं विषयवार लावलेली आहेत: प्रवासवर्णनं, पाकशास्त्र, शेती, आरोग्य, आत्मचरित्रं, जातिनिहाय इतिहास, मुलींसाठी वाचनमाला. त्यातली बहुतेक नावं तुम्ही-मी ऐकलेलीही नाहीत. एकेका नावासमोर बोट ठेवून ही व्यक्ती कधी गेली ते सांगा, असं म्हटलं तर चांगला अभ्यासकही गप्प होतो. पुरुष असेल तर शाळा, कचेरी, वकिलांची यादी, कुठेतरी मागमूस लागतो. बाईचं नाव लग्नात बदललेलं, कधी पहिलं नावसुद्धा, आणि वर एखादं टोपणनाव. पुस्तकावर ‘सौ. कमला’ किंवा ‘एक भगिनी’ एवढंच असतं.

असं एक पुस्तक माझ्या हाती आलं ते एका तालुक्याच्या गावच्या जुन्या वाचनालयात. निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदीतून कायमचं काढून टाकण्यासाठी, बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात होतं. कागद हात लावला की कड्यांनी तुटत होता. विदर्भातल्या एका शिक्षिकेची आठवणींची वही, १९४८ साली स्वखर्चानं छापलेली. ही बाई लहानपणीच विधवा झालेली. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं ते कायमचं. भावानं शिकवलं, ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली आणि पुस्तकावर तिनं माहेरचंच नाव लावलं. सकाळी घरोघर जाऊन मुली गोळा कराव्या लागत, तो भाग मी उभ्यानंच वाचून काढला. एका घरची सासू म्हणते, सुनेला नेता तर तेवढा वेळ तुम्ही दळण दळून द्या. आणि बाई बसते दळायला. रोज एक पायली जोंधळा, त्या बदल्यात एक मुलगी वर्गात. हा हिशेब तिनं अगदी कोरडेपणानं मांडला आहे, स्वतःचं कौतुक एका शब्दानं नाही. मराठी स्त्रीशिक्षणाबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण ही दळणाची किंमत मला दुसरीकडे कुठे भेटली नव्हती.

हे पुस्तक पुन्हा वाचकांपुढे यावं असं मला वाटलं. विचारत विचारत तिच्या भावाच्या नातीपर्यंत पोचले. फोनवर त्या इतक्या आनंदल्या. “आत्याआजीचं पुस्तक? अहो, आमच्याकडे तर एकही प्रत नाही. छापा की! सही कुठे करू सांगा.” आत्याआजी आणीबाणीच्या सुमारास गेल्या, एवढं त्यांना आठवत होतं. म्हणजे पुस्तक मोकळं व्हायला २०३६ ते २०३८ उजाडणार. तोवर वारसांची परवानगी हवी, आणि वारस तर समोर होत्या.

एका वकील मैत्रिणीला कागद दाखवले, तेव्हा कळलं की त्यांची सही चालणार नाही. प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, ही मालमत्ता आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे मूलबाळ नसलेली, नवरा नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतः कमावलेलं सगळं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. माहेरचा क्रम त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली अशाच एका विधवेच्या बाबतीत, जिला सासरच्यांनी हाकलून दिलं होतं, हाच निकाल दिला होता. म्हणजे या शिक्षिकेनं सासरनं टाकल्यानंतर जगलेल्या आयुष्याबद्दल जे लिहिलं, त्याचे कायदेशीर धनी त्याच सासरचे नातूपणतू. पुस्तकात तिनं त्या घराचं आडनावसुद्धा लिहिलेलं नाही. ते लोक कुठे असतील, किती असतील, त्यांना या बाईचं नाव तरी ऐकून माहीत असेल का? ज्या भावानं शिकवलं, त्याच्या नातीला मात्र होय म्हणण्याचा अधिकार नाही.

मैत्रिणीनं दुसरी वाटही दाखवली. लेखक हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्कदार सापडत नसेल, तर प्रताधिकार कायद्याच्या ३१-अ कलमाखाली परवाना मागता येतो. आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव जाहीर करायचा, मग अर्ज करायचा. हे अर्ज ऐकणारं मंडळ बदलत बदलत २०२१ साली बरखास्तच झालं आणि आता कोर्टाची पायरी चढावी लागते. शंभर-सव्वाशे पानांचं मराठी पुस्तक, ज्यातून कुणालाही चार पैसे मिळणार नाहीत, त्याच्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात आणि कोर्टाचा खर्च कोण करणार? पुस्तक पुन्हा कपाटात गेलं. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी ते निर्लेखनाच्या गठ्ठ्यातून बाहेर काढलं, एवढं त्यांनी माझ्या विनंतीवरून केलं. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाचनालयाला आपल्याकडच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, ती केली. पण ती लोकांपुढे मांडता येत नाही.

या सगळ्यात संरक्षण कुणाचं झालं, हा प्रश्न मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. लेखिका नाही, तिचे पैसे कुणी बुडवत नाही, प्रकाशकही कुणी नव्हता. मराठीतल्या बहुसंख्य जुन्या पुस्तकांना चोरीची भीती नाही. ती छापलीच जात नाहीत, याची भीती आहे. आणि कागद साठ वर्षं थांबत नाही.

दुसरी बाजू मला नीट माहीत आहे, कारण ती मी जवळून पाहिली आहे. ओळखीतल्या एका ज्येष्ठ कादंबरीकारांची नवी कादंबरी बाजारात आली आणि काही आठवड्यांत तिची पीडीएफ व्हॉट्सअॅपच्या वाचनगटांवर फिरू लागली. खाली ‘वाचनसंस्कृती वाढवा’ असा संदेश. त्यांचा आवाज फोनवर थरथरत होता. हजाराची आवृत्ती संपायला जिथे वर्षं लागतात, तिथे हे थेट ताटातलं ओढून नेणं आहे. जिवंत लेखकाचा हक्क कडक असावा, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. उलट आपल्याकडे तो पुरेसा वापरलाच जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचं मानलं जातं, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घेतलेला हक्क प्रकाशकानं वर्षभरात वापरला नाही की तो संपतो, हे किती मराठी लेखकांना ठाऊक आहे? लेखक अकाली गेला, मागे बायको-मुलं आहेत, तर त्या पिढीला त्याच्या लेखणीचं उत्पन्न मिळावं, हेही मला न्याय्य वाटतं. पण साठ वर्षं म्हणजे तीन पिढ्या. तिसऱ्या पिढीत हक्क इतक्या जणांत वाटला गेलेला असतो, की कमाई कुणालाच होत नाही आणि परवानगी कुणालाच देता येत नाही.

मग मुदत किती असावी? मनातलं सांगायचं तर मृत्यूनंतर २५ वर्षं पुष्कळ झाली. पण हे आपल्या एकट्याच्या हातात नाही. प्रताधिकाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानं मृत्यूनंतर किमान ५० वर्षांची अट घातली आहे, आणि नोंदणी किंवा नूतनीकरण केलं नाही म्हणून हक्क नाकारताही येत नाही. त्यामुळे ‘ज्यांना हक्क हवा त्यांनी दर दहा वर्षांनी येऊन सांगावं’ हा सरळ उपायही बाद. भारत ६० वरून पुन्हा ५० वर येऊ शकतो. निदान ७० वर जाऊ नये. युरोपात ७० आहेत, अमेरिकेत ७० आहेत. कॅनडानं २०२२ च्या शेवटी ५० चे ७० केले आणि तिथे आता २०४३ पर्यंत नवा एकही लेखक मृत्यूच्या हिशेबानं मोकळा होणार नाही. व्यापार करारांच्या वाटाघाटींत हा आकडा पुढे सरकवला जातो. त्या टेबलाभोवती तालुक्याच्या वाचनालयाचा ग्रंथपाल बसलेला नसतो.

मुदतीला हात न लावता करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. युरोपीय संघानं २०१९ साली असा नियम केला, की जी पुस्तकं आता बाजारात मिळत नाहीत, ती वाचनालयांना ऑनलाइन ठेवता येतील. आधी सहा महिने सार्वजनिक नोंदवहीत नाव जाहीर करायचं, आणि हक्कदारानं केव्हाही ‘नको’ म्हटलं की काढून घ्यायचं. परवानगी शोधत फिरण्याचं ओझं वाचनालयावर राहत नाही, आणि ज्याला आपला हक्क प्रिय आहे त्याचं काही जात नाही. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली इतकी वाचनालयं आहेत. असा नियम इथे झाला तर पुढच्या दहा वर्षांत मराठीची अर्धीअधिक हरवलेली कपाटं उघडतील, असं मला खरंच वाटतं.

हक्क संपला की कुणीही कसंही छापेल, ही भीती लोक बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले आणि ‘श्यामची आई’ २०११ पासून मोकळी झाली. आज तिच्या अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या मिळतात. काही नेटक्या आहेत, काहींत ओळी गळलेल्या, शब्द बदललेले. मला त्याचा त्रास होतो. पण मराठीला ही काळजी कॉपीराइट येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती तीनशे वर्षांच्या हातोहात नकलांत पाठ बिघडले म्हणून. आणि शेवटी बजावून ठेवलं: ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ नाथांनी ज्ञानेश्वरी कुणाच्या ताब्यात दिली नाही. शुद्ध प्रत तयार केली आणि ती नकलून घ्यायला सगळ्यांना मोकळी ठेवली. आजचा कायदाही इथे अगदी रिकामा नाही. ५७ व्या कलमात लेखकाचं नाव लावण्याचा आणि त्याच्या कीर्तीला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर मोडतोडीविरुद्धचा हा हक्क प्रताधिकाराच्या मुदतीला बांधलेला राहिलेला नाही.

उलट राखणदाराकडेच शुद्धतेची मक्तेदारी दिली की काय होतं, ते बंगालमध्ये दिसलं. देबब्रत बिस्वास हे रवींद्रसंगीताचे लोकांनी डोक्यावर घेतलेले गायक. त्यांच्या गाण्यातल्या वाद्यमेळाला आणि ढंगाला विश्वभारतीच्या संगीत मंडळानं आक्षेप घेतले, ध्वनिमुद्रणं अडली, आणि शेवटी त्यांनी रवींद्रसंगीत रेकॉर्ड करणंच सोडून दिलं. १९८० साली ते गेले. कवीचे हक्क सुटले २००२ ला. त्या सोडून दिलेल्या वर्षांतली जी गाणी त्यांच्या गळ्यातून रेकॉर्डवर येऊ शकली असती, ती आता येणार नाहीत.

बाबासाहेबांचं उदाहरण मला आणखी अस्वस्थ करतं. ते ६ डिसेंबर १९५६ ला गेले, म्हणून हयातीत प्रकाशित झालेलं त्यांचं लेखन, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’सकट, १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं आहे. पण लेखकाच्या मागे पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनाच्या चौथ्या खंडात १९८७ साली आलं. म्हणजे ते २०४७ च्या अखेरपर्यंत बांधलेलं. शासनानं हे खंड काढले हे मोठंच काम झालं. पण त्यांची छपाई रखडली, इतकी की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ६ डिसेंबरला दादरला, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या ठेल्यांपुढे जी गर्दी असते ती ज्यानं पाहिली आहे, त्याला वाचक थांबायला तयार नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. वर्षाच्या कमाईतून शंभर-दोनशे रुपये बाजूला ठेवून आलेला माणूस खंड मागतो आणि खंड नसतो. अशा वेळी छोटे प्रकाशक स्वस्त पुस्तिका काढतात. त्यांना मोकळीक असली पाहिजे.

शेवटी एक मागणं आहे, आणि ते तुमच्या घरापुरतं आहे. तुमच्या आजी-आजोबांत, काकू-मावशीत कुणी लिहिणारं होतं का? एखादं छोटं पुस्तक, ओव्यांचा संग्रह, गावाचा इतिहास, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकातला लांब लेख? असेल तर भावंडांनी मिळून एका कागदावर लिहून ठेवा, की हे कुणालाही छापता येईल, किंवा परवानगी अमुक एकानं द्यावी. तुम्ही स्वतः लिहीत असाल तर मृत्युपत्रात लेखनाचा उल्लेख करा. बायकांनी तर कराच. हयातीतच हक्क सोडायचा असेल तर २१ व्या कलमाखाली प्रताधिकार निबंधकांना नोटीस देऊन किंवा जाहीर सूचना देऊन तो सोडता येतो, सगळा किंवा थोडा. आणि यातलं काही जमलं नाही, तर निदान पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, बाई असेल तर माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि गेल्याचं वर्ष शाईनं लिहा. पुस्तक गावच्या वाचनालयाला देणार असाल तर हे पान भरूनच द्या.